दोर तोडणाऱ्याची लेक

पोर्थवेडन या मासेमारांच्या गावी, बंदराच्या धक्क्यावर जूनमध्ये खलाशी गाण्यांची जत्रा भरते, तेव्हा सगळ्यात लांब रांग असते ती हेस्टर नॅनकॅरोच्या शेडपुढं. उकडलेल्या खेकड्याचं कवच फोडून, आतलं पांढरं आणि तपकिरी मांस वेगळं काढून, लोणी लावलेल्या पावात भरून द्यायचं, हे काम ती लग्नाआधीपासून करत आलेली. नवरा गेला, मुलगा ब्रिस्टलला नोकरीला लागला, तरी शेड चालू राहिली. जत्रेच्या शुक्रवारी आणि शनिवारी तिला मान वर करायला फुरसत नसे. पण शनिवारी ऊन कलायला लागलं की ती शेडची फळी पाडून विक्री बंद करायची, एप्रन खुंटीला अडकवायची आणि गाडी काढून बहिणीकडं बॉडमिनला निघून जायची. का जाते, हे गावात कुणी विचारत नसे. शनिवारी संध्याकाळी गावच्या गायकांचा म्होरक्या डिगोरी स्पार्गो आणि त्याचे गडी त्या दिवसाचं शेवटचं गाणं म्हणत, आणि ते गाणं तिच्या बापावर रचलेलं होतं.

हेस्टर अकरा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. नोव्हेंबरात भर दुपारी वादळ उठलं आणि विल्फ रोझविअरच्या ‘ग्रेस ॲन’चं इंजिन खाडीच्या तोंडाशी बंद पडलं. बोटीवर विल्फ आणि त्याचा धाकटा भाऊ. हेस्टरचा बाप जेबेझ आपली ‘किटिवेक’ घेऊन बंदराकडं परतत होता. त्यानं विल्फला दोर टाकला आणि ओढत आणायला लागला. बंदर डोळ्यांपुढं आलं असताना ‘ग्रेस ॲन’मध्ये पाणी भरलं, तिचं सगळं वजन दोरावर आलं आणि ‘किटिवेक’ मागच्या मागं खडकांकडं खेचली जाऊ लागली. जेबेझनं दोर तोडला. ‘किटिवेक’ बंदरात आली. विल्फ आणि त्याचा भाऊ आले नाहीत. भाऊ आठवड्यानं सापडला, विल्फ कधीच सापडला नाही.

जेबेझच्या बोटीवर त्या दिवशी आणखी एकच माणूस होता. हाताखाली काम करणारा एकोणीस वर्षांचा डिगोरी स्पार्गो. त्याच हिवाळ्यात पबमध्ये बसून डिगोरीनं गाणं जुळवलं. म्होरक्यानं एक ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी दोर खेचल्यासारखा उचलून जबाब द्यायचा, अशा जुन्या चालीवर.

वादळ आलं रे भर दुपारी,
— ओढा रे, दोर ओढा!
विल्फची बोट ती खडकाच्या दारी,
— ओढा रे, दोर ओढा!

मग जेबेझ येतो, गाठ बांधतो, बोट बंदराची वाट धरते. आणि शेवटी:

एकाच घावात तुटला दोर,
— ओढा रे, दोर ओढा!
मागं न बघता पळाला चोर,
— तुटला रे, दोर तुटला!

पबमधलं गाणं जत्रा सुरू झाल्यावर धक्क्यावर आलं. ‘तुटला’ म्हणताना डिगोरी हात सुरीसारखा हवेत मारायचा. पुढं सगळे मारायला लागले. आपापल्या बापाच्या खांद्यावर बसलेली पोरंसुद्धा मारायची.

जेबेझनं बोट विकली. तो गाव सोडून गेला नाही, आणि गावानंही त्याला जा म्हटलं नाही. फक्त तो पबमध्ये शिरला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहायच्या. काही महिन्यांनी त्यानं जाणं बंद केलं. उरलेली वर्षं त्यानं खेकड्यांचे पिंजरे विणण्यात आणि पुढं लेकीच्या शेडमध्ये कवचं फोडण्यात घालवली. त्या दिवसाबद्दल तो एकदाच बोलला. हेस्टर तेव्हा तिशीची होती. दोघं समोरासमोर बसून मांस काढत होते, आणि काही विषय नसताना तो म्हणाला, “विल्फनं हात वर केला होता.”

तिनं सुरी थांबवली. बापानं डावा हात डोक्यावर धरला आणि उजव्या तळव्याची धार मनगटावर मारली. तोड, अशी खूण.

“मग सांगितलं का नाहीत?” तिनं विचारलं.

“कुणाला सांगू? त्याच्या बायकोला? तुझ्या नवऱ्यानंच मला दोर तोडायला सांगितलं, असं?” एवढं बोलून तो पुन्हा कामाला लागला. पुढच्या वर्षी तो गेला.

हेस्टरनं ते कुणालाच सांगितलं नाही, बहिणीलाही नाही. बाप खोटं बोलणारा नव्हता. पण माणसाला रोज रात्री अंथरुणावर पाठ टेकायची असते. त्यासाठी त्यानं तो वर झालेला हात स्वतःच मनात तयार केला असेल तर? हा विचार आला की ती रेडिओचा आवाज वाढवायची. खरं काय ते सांगू शकेल असा एकच माणूस जिवंत होता, आणि तो दरवर्षी हजार माणसांपुढं तिच्या बापाला चोर म्हणत होता. रस्त्यात भेटला तर टोपीला हात लावायचा. तीही मान हलवायची. पन्नास वर्षं असंच चाललं.

मग एका वर्षी जत्रेच्या शुक्रवारी दुपारी हॉलंडहून आलेला एक गायकांचा ताफा तिच्या शेडपुढं उभा राहिला. निळे सदरे, गळ्यात लाल रुमाल, सगळे उन्हानं भाजलेले आणि खुशीत. सँडविच खाऊन झाल्यावर त्यांच्यातला दाढीवाला म्हणाला की तुमच्या गावचं गाणं आम्ही आमच्या भाषेत बसवलंय, तुम्हाला म्हणून दाखवतो. ती नको म्हणायच्या आत त्यांनी सुरुवात केली. शब्द कळत नव्हते. पण मधेच ‘जेबेझ’ ऐकू आलं, आणि शेवटच्या ओळीला त्या माणसानं फळीवरची तिचीच सुरी उचलली आणि हसत हवेत मारली.

रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेस्टरनं हात पुढं करून सुरी परत मागितली. त्यानं मुठीची बाजू तिच्याकडं करून ती अदबीनं दिली. तो माणूस वाईट नव्हता. तिच्या मनाला लागलं ते तेच. बापाला ओळखणारे सगळे मरून जातील, त्याला कधी पाहिलं नाही अशी भली माणसं दूरदूरच्या बंदरांत त्याला चोर म्हणत राहतील, आणि त्यांच्या मनात कणभर राग नसेल.

संध्याकाळी तिनं बहिणीला फोन करून उद्या येत नाही म्हणून कळवलं.  जेनी म्हणाली, “हेस्टर, काही वेडेपणा करू नकोस. आपल्याला त्याच गावात राहायचंय.”

“तुला नाही, मला राहायचंय,” हेस्टर म्हणाली.

तिला झोप लागली नाही. म्होरक्याच्या दोन ओळींच्या मधे जागा असते, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे त्या जागेत कुणीही ओळ टाकू शकतो. टाकलेल्या ओळीला जबाब द्यावाच लागतो. स्वतः डिगोरी दरवर्षी मंचावरून हे सांगायचा आणि लोक थट्टेच्या, चावट ओळी टाकायचे. तिनं दोनच ओळी जुळवल्या. पण एका माणसाला आधी सांगितल्याशिवाय त्या ओळी म्हणणं तिला बरोबर वाटेना.

विल्फचा मुलगा पेरन रोझविअर बाप गेला तेव्हा पाच वर्षांचा होता. आता स्वतःची बोट चालवायचा, हेस्टरला खेकडे पुरवायचा आणि डिगोरीच्या गड्यांमध्ये खर्जात गायचा. शनिवारी दुपारी तो बोटीवर दोर गुंडाळत होता. तिनं धक्क्यावरूनच त्याला सगळं सांगितलं. बापाचे शब्द, हाताची खूण, आणि आज संध्याकाळी आपण काय करणार आहोत ते.

पेरननं दोर खाली ठेवला नाही. “म्हणजे माझ्या बापानं आपणहून मरण मागितलं, असं तुझा बाप म्हणाला.”

“असं नाही म्हणाला तो. हात वर केला, एवढंच म्हणाला.”

“आणि तुला ते खरं वाटतं?”

“मला माहीत नाही. म्हणूनच डिगोरीला विचारायचंय.”

“हेस्टर, माझ्या बापाला थडगं नाही. त्याचं नाव फक्त त्या गाण्यात आहे. आई ते गाऊन मला झोपवायची. तू त्यात हात घालू नकोस.” थोडं थांबून तो म्हणाला, “घातलास तर मी जबाब देणार नाही. आणि आमच्यातला कुणी देणार नाही.”

ती परत आली तेव्हा शेडपुढं रांग ताटकळत होती. तिनं तासभर सँडविच विकली. दोनदा कवचाची कड बोटात घुसली. मग फळी पाडली. एप्रन मात्र तिनं काढला नाही. तिच्या ते लक्षातच आलं नाही.

जूनमध्ये उजेड लवकर हटत नाही. भरतीचं पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं. बांधलेल्या बोटी उंच आल्या होत्या आणि त्यांच्यावरही माणसं बसली होती. हातांत बिअरचे ग्लास, मांस भरलेल्या पेस्टीच्या कागदी पिशव्या. गावचे लोक नेहमीप्रमाणे मंचाच्या डाव्या बाजूला. हेस्टर येताना दिसली तशी त्यांनी वाट दिली. ती मंचाच्या अगदी पुढं, बोटी बांधायच्या लोखंडी खुंट्याशी जाऊन उभी राहिली. चॅपेलमध्ये प्रार्थनेला शेजारी बसणाऱ्या मिसेस टिडी तिच्या कोपराला धरून हळूच म्हणाल्या, “घरी चल, बाय. मी चहा टाकते.” हेस्टरनं त्यांचा हात थोपटला आणि सोडवला.

डिगोरीनं तिला पाहिलं. सत्तरीचा, अजून ताठ, पांढऱ्या केसांवर तीच काळी टोपी. क्षणभर त्याची नजर अडखळली. पण त्यानं नेहमीचं भाषण केलं, रिवाज सांगितला, कुणालाही ओळ टाकता येईल म्हणाला, आणि गाणं उचललं. दुसऱ्या ओळीलाच सगळा धक्का गायला लागला. पायाखालचा दगड हलत असल्यासारखं हेस्टरला वाटलं. वादळ आलं, विल्फची बोट खडकाच्या दारी आली, जेबेझनं गाठ बांधली. डिगोरी श्वास घ्यायला थांबला. तीच जागा होती. जागा निघून गेली असं तिला वाटलं, तोवर आवाज बाहेर आलाही होता.

“हात विल्फनं केला का वर?”

आवाज चिरका होता, पण पाण्यावरून लांब गेला. बाहेरगावच्या माणसांना काय माहीत. ओळ पडली, त्यांनी जबाब दिला, हजार गळ्यांनी, आनंदानं: ओढा रे, दोर ओढा! पण डावीकडून एकही आवाज आला नाही. मंचावरचे सहाही जण तोंड मिटून उभे होते.

“होतास तू तिथं, सांग खरं.”

ओढा रे, दोर ओढा! लोक ओरडले, आणि पुढच्या ओळीची वाट पाहायला लागले.

पुढची ओळ आली नाही. डिगोरी तिच्याकडं बघत होता. कुणीतरी हसलं. मागून एकजण ओरडला, म्हाताऱ्या, विसरलास काय. डिगोरीनं माइकच्या दांडीला धरलं. हेस्टरला दिसलं की तो ठरवतोय, आणि त्यानं ठरवलं. तो सरळ झाला आणि नेहमीच्या ओळीला हात घातला. “एकाच घावात—”

त्याच्या शेजारी उभ्या पेरननं त्याच्या दंडाला धरलं. हळूच धरलं होतं, पण डिगोरी थांबला. डिगोरी उत्तर टाळतोय हे पेरनलाही दिसलं होतं. तो हेस्टरकडं बघत नव्हता, लोकांकडंही नाही. डिगोरीकडं बघत त्यानं तीच ओळ त्याच चालीत, खालच्या आवाजात टाकली.

“हात विल्फनं केला का वर?”

या वेळी जबाब अर्धवट आला. लोकांना आता कळलं होतं की हा खेळ नाही. काहींनी गाणं उचललं आणि मधेच सोडलं. डिगोरीनं टोपी काढली. तो बोलला ते माइकमधून सगळ्या बंदरभर ऐकू गेलं, तरी तो फक्त त्या दोघांशीच बोलत होता.

“मी बघितलं नाही.”

मग तो मंचावरून उतरला.

जत्रा भरवणाऱ्यांनी घाईघाईनं हॉलंडच्या ताफ्याला वर चढवलं. त्यांनी दणकून काहीतरी सुरू केलं आणि लोक पुन्हा गायला लागले. मंचामागं मासळीच्या बर्फाची एक खोली आहे. तिथं रिकाम्या क्रेटवर डिगोरी बसला होता. हेस्टर दारात उभी राहिली. पेरन आत, भिंतीला टेकून.

डिगोरीनं जे सांगितलं ते थोडंच होतं आणि अडखळत सांगितलेलं होतं. दोर ताणला गेला आणि ‘किटिवेक’ची मागची बाजू पाण्याखाली जायला लागली, तेव्हा तो सुकाणूच्या खोलीत जमिनीवर पालथा पडला होता. तोंड रेनकोटात खुपसलेलं, डोळे मिटलेले. आईला हाका मारत होता. बोटीला एकदम हिसका बसला आणि ती मोकळी झाली, एवढंच त्याला कळलं. मग जेबेझनं कॉलरला धरून त्याला उभं केलं. जेबेझ रडत होता. धक्क्यावर सगळे त्याला विचारायला लागले, काय झालं, तू काय पाहिलंस. मी पालथा पडलो होतो असं एकोणीस वर्षांचा पोरगा कसं सांगणार? जेबेझनं घाबरून दोर तोडला असं लोक म्हणत होते, त्याला तो हो म्हणाला.

“आणि चोर?” हेस्टरनं विचारलं. “चोरही लोकच म्हणत होते?”

डिगोरीनं मान हलवली. “नाही. तो शब्द कुणाच्याच तोंडात नव्हता.” तो हातातल्या टोपीकडं बघत राहिला. “दोराला यमक हवं होतं, हेस्टर.”

बाहेर लोक टाळ्यांचा ठेका धरत होते. हेस्टरला वाटलं होतं की असा क्षण आलाच तर आपण या माणसाला मारू, निदान थुंकू तरी. यातलं काहीच झालं नाही. तीही एका क्रेटवर बसली. बाप पिंजरे विणत बसला होता ती सगळी वर्षं तिच्या डोळ्यांपुढून गेली, आणि त्या सगळ्याच्या तळाशी होता एक घाबरलेला पोरगा आणि एक जुळणारा शब्द.

“जेबेझनं तुला कधी काही म्हटलं?” पेरननं डिगोरीला विचारलं.

“एकदा. गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा. म्हणाला, तू पालथा होतास ते मी कुणाला सांगणार नाही.”

पेरन निघून गेला.

रविवारी जत्रेचा शेवटचा दिवस होता, पण गड्यांनी ते गाणं म्हटलं नाही. लोकांनी ओरडून मागितलं, तरी नाही. सोमवारी बाहेरगावचे गेले, सफाईवाले धक्का धुवायला लागले, आणि गावानं हेस्टरकडं पाठ फिरवायची की नाही हे अजून ठरवलेलं नव्हतं. दोन बायका समोरून आल्या आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. मिसेस टिडी मात्र केक घेऊन आल्या आणि हवामानावर बोलून गेल्या.

दुपारी पेरन आला. खेकड्यांची टोपली त्यानं नेहमीच्या जागी ठेवली आणि गेला नाही.

“कशी होती खूण?” त्यानं विचारलं.

तिनं दाखवली. त्यानं तिच्याकडं बघून डावा हात वर केला आणि उजव्यानं मनगटावर मारलं. “असा?”

“हात थोडा आणखी वर. लाटांवरून दिसायला हवा ना.”

त्यानं हात आणखी वर नेला आणि तसाच धरून उभा राहिला. “लांबून बघणाऱ्याला हे ‘वाचवा’ असंही वाटू शकेल,” तो शेवटी म्हणाला.

हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं.  “हो,” ती म्हणाली, “वाटू शकेल.”

“तुझ्या बापाला ‘तोड’ दिसलं.”

“त्यानं तसं सांगितलं.”

पेरननं हात खाली घेतला.  मग तो म्हणाला की विल्फ रोझविअर कुणाला मरू देणाऱ्यांतला नव्हता, एवढं आई सांगायची. बाकी त्याला काही ठाऊक नाही. हेस्टरनं त्याला बसायला स्टूल दिलं. तो बसला. तिनं विचारलं नव्हतं तरी त्यानं दुसरी सुरी उचलली आणि कवचं फोडायला लागला. खेकडे पकडण्यात तो वाकबगार, पण मांस काढताना निम्मं वाया घालवत होता. तिनं ते चालू दिलं.

डिगोरीनं म्होरकेपण सोडलं. तो पबमध्ये येतो, कोपऱ्यात बसतो, आणि त्याच्या शेजारची खुर्ची गावानं अजून तरी रिकामी ठेवलेली नाही. पुढच्या जूनपासून ओळ टाकायला पेरन उभा राहतो. गाणं त्यानं टाकून दिलं नाही. बापाचं नाव, वादळ, गाठ, बंदराची वाट, सगळं म्हणतो. मग हेस्टरच्या दोन ओळी म्हणतो आणि तिथंच थांबतो. चोर नाही, घाव नाही, हवेत हात मारणं नाही. बऱ्याच जणांना ते आवडत नाही. गाणं अर्धंच राहतं, असं ते म्हणतात. पेरन कुणाशी वाद घालत नाही.

हेस्टर आता शनिवारी बॉडमिनला जात नाही. उलट जेनीच गाडी घेऊन येते, दोघी शेडमध्ये बसतात, फळी उघडी ठेवतात. गाणं सुरू झालं की जेनी मधेच उठून बाहेर जाऊन ऐकते. हेस्टर आत बसूनच ऐकते. गाणं संपलं की दोघी उरलेले पाव आणि मांस आत ठेवतात, फळी धुतात आणि घरी जातात.